तायडे सरांची लाल रेघ

आमच्या गल्लीत सकाळी दूधवाला येऊन गेला की तायडे सर आपल्या मोटारसायकलीपुढे उकिडवे बसत. गळ्यात टॉवेल, कपाळावर चढवलेला चष्मा, हातात छोटी बॅटरी. नवख्या माणसाला वाटावं, हे गाडीची समजूत काढताहेत. ते एकेक नट तपासत असत. प्रत्येक नटाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत त्यांनी नेलपॉलिशची एक बारीक लाल रेघ ओढलेली होती. नट जरा जरी फिरला तर रेघ मधोमध तुटलेली दिसणार, अशी ती युक्ती. सगळ्या रेघा जुळल्या की सर उठत, गुडघे झटकत आणि मग चहा पीत. एखादी तुटलेली निघाली की त्या दिवशी चहा राहायचा, कधी कधी शाळासुद्धा.

कारंजात माझं भांड्यांचं दुकान आहे आणि घर सरांच्या घराला लागून. सर धनजच्या शाळेत चित्रकला शिकवत, त्यामुळे रेघेला वळण होतं. नेलपॉलिश आणायला ते स्वतः जनरल स्टोअर्समध्ये जायचे. दुकानातली बाई विचारायची, "वहिनीले कोनता रंग आवडते, सर?" सर अगदी गंभीरपणे सांगायचे, "वहिनीसाठी नाई, गाडीसाठी पाह्यजे. लाल द्या, अंधारात दिसला पाह्यजे." ती बाई तोंडाला पदर लावून हसायची आणि सर बाटली उजेडात धरून हलवून बघायचे.

सर भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी सांगत नाही, ते स्वतःच चारचौघांत सांगायचे. घरी गॅसचा सिलेंडर आला की साबणाचं पाणी करून नळी तपासणार. जत्रेत आकाशपाळणा दिसला की त्याच्या बोल्टांकडे बघत उभे राहणार आणि पोरीला तो दुरूनच दाखवून परत आणणार. माझ्या दुकानात वरच्या फळीवर पितळी घागरी आहेत, त्यांच्या खाली ते कधी उभे राहिले नाहीत. मी चिडवायचो, "सर, येवढं भेऊन मानूस जगते कसा?" त्यावर म्हणायचे, "शेठ, मी भेतो म्हनून तर तुमच्यापुढं उभा हाय."

आता असा माणूस गाडीला हात लावायला घाबरेल असं कोणालाही वाटेल. पण सर आपल्या गाडीत सतत काही ना काही बसवत असत, आणि सगळं स्वतःच्या हातानं. संध्याकाळी रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाई, आडवे येतात म्हणून पुढे दोन जादा दिवे. ट्रकवाले ऐकत नाहीत म्हणून मोठा हॉर्न. काळ्या मातीत घसरू नये म्हणून मागे जाड टायर. रविवारी अंगणात कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स अंथरायचा, त्यावर गाडीचे सुटे भाग ओळीनं मांडायचे आणि मध्ये मांडी घालून बसायचं. शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांवर ग्रीस सांडलेलं असे. कोणी मदतीला पुढे झालं की सर हात आडवा धरायचे.

मी पडलो व्यापारी माणूस. ज्याचं काम त्यानं करावं, आपण पैसे मोजून मोकळं व्हावं, हा माझा खाक्या. मी गाडी शोरूमला देतो, गार हवेत बसतो, मशीनचा पांचट चहा पितो आणि धुतलेली गाडी घेऊन घरी येतो. एकदा मी हे जरा ऐटीतच सांगितलं. सर फ्लेक्सवर बसूनच म्हणाले, "शेठ, तुमच्या गाडीचा मागचा नट कोनं आवयला?"

"तिथल्या मेकॅनिकनं."

"कोनत्या?"

मला सांगता येईना. सर हातातला पान्हा पुसत राहिले आणि मग त्यांनी आपल्या मोठ्या भावाची गोष्ट सांगितली. भाऊ एका मोठ्या शहरात गाडी दुरुस्तीला टाकून, ती परत घेऊन गावाकडे येत होते. वाटेत पुढचं चाक निघालं. भाऊ वाचले, पण तेव्हापासून खाटेवर बसून असतात. कोणी आलं की हसतात, कोण आलं ते ओळखत नाहीत. सर त्या वर्कशॉपमध्ये गेले होते. तिथे कामाला असलेल्या प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"मी भांडाले नोहोतो गेलो," सर म्हणाले. "कोनाच्या हातानं ढिला राह्यला, येवढं सांगा म्हटलं. कोनी सांगतलं नाई. माह्या हातानं चुकलं तं निदान मले मालूम राहीन कोनाचा हात होता." त्यानंतर मी शोरूमच्या चहाचा विषय त्यांच्यापुढे काढला नाही.

त्यांच्या मागे बसून जाणं मात्र जिवावर यायचं. एकदा वसुलीच्या कामासाठी मी त्यांच्याबरोबर धनजला निघालो. गाव मागे पडलं आणि सरांनी गाडी बाजूला घेतली. खालून टक टक असा आवाज येतो म्हणाले. मलाही तो ऐकू आला. सरांनी रस्त्याच्या कडेला सीट काढलं, साइडचे पत्रे काढले, साखळी चाचपली. उन्हात आम्ही दोघं घामाघूम. शेवटी आवाज माझ्या पिशवीतून निघाला. बायकोनं जेवणाच्या डब्यावर ठेवलेला चमचा हादऱ्यानं वाजत होता. मी हसू लागलो, तर सर म्हणाले, "हासू नका. चमचा निघाला हे आपलं नशीब." आणि सगळं पुन्हा बसवून, रेघा ओढून, त्या वाळेपर्यंत उभे राहून मग निघाले.

सरांची एकुलती एक मुलगी सुजाता. नर्सिंग झालं आणि पोहरादेवीजवळच्या एका उपकेंद्रात तिला नोकरी लागली. आठवडाभर तिथेच खोली करून राहायचं, शनिवारी घरी यायचं, सोमवारी सकाळी परत. बसच्या वेळा जमेनात, म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. स्कूटरच्या लहान चाकांवर सरांचा विश्वास नव्हता, तेव्हा मोटारसायकल आली. नवी गाडी, खाली भक्कम गार्ड, जादा दिवे, मागे जाड टायर. शोरूमवाल्यानं सांगितलं, पैसे भरा, आम्ही बसवून देतो. घरी हात लावला तर वॉरंटी संपली. सुजाता म्हणाली, "देऊन टाकू त्याहीले, बाबा. आता माया पगार हाय न." गाडी सगळं बसवून घरी आली, आणि आलेल्या पहिल्याच रविवारी सरांनी अंगणात फ्लेक्स अंथरला.

शोरूमनं बसवलेलं एकूण एक त्यांनी खोललं आणि आपल्या हातानं पुन्हा बसवलं. सुजाता दारात हाताची घडी घालून उभी होती.

"वॉरंटी गेली, बाबा."

"जाऊ दे. वॉरंटी गाडीची राह्यते, तुयी नाई राह्यत."

मागच्या चाकाच्या नटाखाली त्यांनी एकावर एक दोन वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, घातले. एक असतो, पण एकानं सरांचं समाधान होईना. मला जवळ बोलावून दाखवलं आणि म्हणाले, "आता याचा बाप आला तरी ढिला होत नाई." मग श्वास रोखून त्यावर रेघ ओढली. इतकी सुंदर रेघ मी त्यांच्या स्वतःच्या गाडीवरही बघितली नव्हती.

तरी पुढचे काही आठवडे वाईट गेले. रविवारी तपासणीत मागची रेघ तुटलेली निघायची. सर ती पुन्हा आवळायचे, पुन्हा ओढायचे, सोमवारी सकाळी पुन्हा बघायचे आणि मन भरलं नाही की गाडीची किल्लीच खिशात घालायचे. एका सोमवारी ऊन चढेपर्यंत त्यांनी पोरीला जाऊ दिलं नाही. तिकडून साहेबांचे फोन येत होते. सुजाता पायरीवर बसून नुसती रस्त्याकडे बघत होती आणि आतून वहिनींच्या भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. तिची कायमची ऑर्डर अजून निघायची होती. असं चाललं तर पोरीची नोकरी जाईल हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आणि मग रेघा तुटायच्या थांबल्या. एक महिना, दोन महिने, सगळ्या रेघा जिथल्या तिथे. सरांच्या चेहऱ्यावरचं सावट उतरलं. तपासणीआधी चहा घेऊ लागले. माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाईकांची थट्टा करू लागले. "शेठ, गाडी बसली आता," असं स्वतःहून सांगायचे. मी बायकोला म्हटलं, सरांची भीती गेली बघ. मलाही बरं वाटलं, कारण शेजारच्या माणसाची भीती भिंत ओलांडून आपल्याकडे येतेच.

रामनवमीची यात्रा आली. पोहरादेवीला माणसांचा पूर लोटतो, सुजाताची ड्यूटी तिथल्या औषधपाण्याच्या मंडपात लागली होती. शनिवारी संध्याकाळी ती घरी आली आणि रविवारी उजाडताच निघाली. मी अंगणात दात घासत होतो. सरांनी बॅटरी मारून रेघा बघितल्या, मागच्या नटावर अंगठा टेकवला, हळू जा म्हणाले. गाडी वळणाआड गेली. सर हात धुवायला वळले आणि तिथेच थांबले. त्यांच्या अंगठ्याला लाल लागलं होतं.

आधी त्यांना वाटलं, कापलं. त्यांनी अंगठा उलटसुलट करून बघितला, मग नाकाशी नेला. तसाच वर धरून ते माझ्या फाटकाशी आले. "शेठ, ही रेघ मी हिवायात ओढली होती," ते म्हणाले. "ओली कशी?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरूनच मला कळलं.

"मीच ओढतो," त्या म्हणाल्या. "जवा जवा तुटलेली दिसते तवा, तुमी उठाच्या आंधी पुसून नवी ओढतो. तुमी तिले जाऊ देत नोहोते. पोरीची नोकरी जात होती."

"म्हंजे नट फिरला होता."

"मले काय समजते नटाचं? मी रेघ पाहो. मले वाटलं, तुमचा नाद हाय एक."

"किती खेपा?"

"मोजल्या नाई."

सर ओट्यावर बसले. रेघ तुटली म्हणजे काय, हे त्यांनी वहिनींना अगदी हळू आवाजात सांगितलं, वर्गात सांगावं तसं. मी सुजाताला फोन लावला. लागेना. यात्रेच्या गर्दीत नेटवर्क बसलं असणार, हे मला ठाऊक होतं, तरी प्रत्येक वेळी ती बाई "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" म्हणाली की मी लगेच पुन्हा लावायचो. सरांच्या गाडीचं पुढचं चाक फ्लेक्सवर काढून ठेवलेलं होतं. मी माझी गाडी बाहेर काढली. सर तिच्या मागच्या चाकाकडे बघत क्षणभर उभे राहिले. मग मागे बसले.

त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते. चैत्राच्या उन्हातही ते शर्टातून गार लागत होते. पोहरादेवीकडे जाणाऱ्या मानोऱ्याच्या रस्त्यावर टेम्पो, ट्रॅक्टर, बसगाड्या, पांढरे झेंडे, गाणाऱ्या बाया, पायी चालणारी माणसं. जिथे चार माणसं रस्त्याच्या कडेला गोळा झालेली दिसत तिथे सरांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. मला माझ्याच गाडीतून आवाज यायला लागले. आजवर कधी न ऐकलेली करकर, मागच्या चाकात काही डुलल्यासारखं. शोरूममध्ये ती कोणी आवळली होती, हे मला अजूनही ठाऊक नव्हतं.

एका पुलाजवळ घोळका होता. गाडी आडवी पडलेली, मागचं चाक वर, आणि त्याच्याजवळ सुजाताच्यासारखीच एक तपकिरी ओढणी. मी थांबायच्या आत सर उतरून पळाले. मी मागोमाग धावलो. जाऊन बघितलं तर भलतंच जोडपं होतं. बाईचं कोपर खरचटलं होतं, ती पाणी पीत होती आणि घोळका तिच्या नवऱ्याला झापत होता. सर मात्र त्या परक्या गाडीच्या चाकाशी वाकून नट चाचपत होते. गाडीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला.

परत बसल्यावर सर पहिल्यांदा बोलले. "दादाच्या टायमाले राग काढाले कोनी सापडलं नोहोतं. आज घरचीच सापडली."

मंडप दिसला आणि त्याच्या मागे निंबाखाली सुजाताची गाडी धडधाकट उभी दिसली. आत सुजाता एका म्हातारीला ग्लासातून पाणी पाजत होती. मी म्हटलं, "सर, ते पाहा, हाय न पोरगी." सरांनी बघितलं. त्यांचे डोळे भरून आले, तरी ते पोरीकडे गेले नाहीत, गाडीकडे गेले. खिशातून पान्हा काढला आणि मागच्या नटाला लावला. नट हलेना. त्यांनी सगळा भार टाकला, तरी हलेना. मग त्यांनी चष्मा खाली घेऊन अगदी जवळून बघितलं. वायसर एकच होता.

"तो आता नाई हालत, बाबा." सुजाता मागे येऊन उभी होती. आम्हाला बघून ती आधी घाबरली, मग मी अंगठ्याची आणि वहिनींची गोष्ट सांगितली. आई रेघा ओढते हे तिलाही माहीत नव्हतं. बाबांनी बघणंच सोडलं असेल, असं ती समजत होती.

"पह्यल्याच दिवसांत मागचं चाक डगमगलं होतं," ती म्हणाली. "उतरून पाह्यलं तं नट बोटानं फिरे. तुमी दोन वायसर घातले होते, त्यानं नट पुरा आट्यावर बसतच नोहोता. शोरूमवाल्याहीनं एक काढून टाकला, तवापासून मी गाडी त्याहीलेच देतो. ते आवयते म्हनून रेघ सरकते. काल घरी येता येताच देल्ली होती."

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी झोपले असते काय?"

सरांनी त्या नटावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "कोठी डगमगलं?"

"आता तुमी आले न, त्या पुलावर. मागून ट्रक होता."

सर निंबाखालच्या धुळीत बसले. सुजातानं पाणी आणलं, त्यांनी ते हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

त्या दिवसानंतर सरांनी रेघ ओढली नाही. फ्लेक्स गुंडाळून माडीवर गेला. वहिनींनी घरातल्या नेलपॉलिशच्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या. भांडण असं झालंच नाही, पण त्या घरातून कितीतरी दिवस मोठा आवाज आला नाही. मला वाटलं होतं, पोरगी सुखरूप आहे म्हटल्यावर सर सुटतील. तसं झालं नाही. इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या हाताला भीत होते, आता स्वतःच्या हाताला भिऊ लागले. गॅसचं बटण बंद केलं की मला हाक मारायचे, "शेठ, जरा पाहून जा बरं, बंद झालं काय." कुलूप लावून किल्ली माझ्याकडे द्यायचे आणि मी ओढून बघेपर्यंत उभे राहायचे. मी बघायचो. कुलूप नेहमीच लागलेलं असे. मला त्यांची फार दया यायची, आणि खरं सांगायचं तर थोडी धास्तीही वाटायची.

निवृत्तीनंतर ते मानोऱ्याला गेले. सुजातानं तिथे घर केलं आहे. त्यांचं मला शेवटचं दर्शन झालं ते कारंजाच्या शोरूममध्ये. मी गाडी टाकायला गेलो होतो. गिऱ्हाईकांच्या खोलीत गार हवा चालू होती, सोफे रिकामे होते आणि काचेच्या भिंतीशी सर एकटे उभे होते. पलीकडे सुजाताची गाडी स्टँडवर चढवलेली. मी हाक मारली, तर त्यांनी मागे न बघता हातानं थांबा म्हटलं. तिशीतला एक मेकॅनिक मागचं चाक बसवत होता. त्यानं पान्ह्याला शेवटचा हिसका दिला, उठला, फडक्याला हात पुसले आणि पुढच्या गाडीकडे निघाला.

सरांनी वर्कशॉपचं दार उघडलं. ग्राहकांनी आत येऊ नये, असं त्यावर लिहिलेलं होतं. मेकॅनिक दचकला. "काय झालं साहेब? काई चुकलं काय?"

"नाई. काम चांगलं हाय तुमचं," सर म्हणाले. पण ते जागचे हलले नाहीत. मेकॅनिक फडकं हातात धरून थांबला.

"या गाडीवर मायी पोरगी बसते," सर म्हणाले.

मेकॅनिकनं त्यांच्याकडे बघितलं, मग गाडीकडे. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं, पान्हा उचलला आणि तो पुन्हा चाकापाशी बसला.